थंडीतापाचा जंतू रक्तपेशीत कसा शिरतो?

आण्याच्या पठारावर पाण्याची टंचाई, म्हणून आपण पिंपात पाणी साठवतो. त्यातच अ‍ॅनाफिलीस डासाची मादी अंडी घालते. तिच्या चाव्यातून आलेला मलेरियाचा जंतू आधी यकृतात वाढतो, मग रक्तात उतरतो. तांबड्या पेशीत शिरण्याआधी त्याच्या आत कॅल्शियम वाढते. हाच इशारा! तो चिकट प्रथिने सोडतो, पेशीला घट्ट धरतो आणि मिनिटभरात आत घुसतो. पेशी फुटल्या की हुडहुडी भरते.

व्हायवॅक्स जातीचे काही जंतू यकृतात झोपून राहतात. म्हणून ताप येताच रक्त तपासू. डॉक्टरांनी दिलेला १४ दिवसांचा कोर्स ताप उतरला तरी पुरा करू. गरोदर बाईने तसे आधीच सांगावे. आठवड्यातून एकदा पाणी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून पिंप घासून कोरडे करू.