कुपवाडचं कन्नड बिघडलेलं आहे का?

प्रश्न : आमचं घर कुपवाडचं, घरात कन्नड. बंगळूरचे पाहुणे आले की हसतात. म्हणतात, "शब्द कन्नड, पण बोलणं सगळं मराठी." परवा वाचलं की कॅनडातल्या क्री भाषेच्या एका बोलीत फ्रेंच मिसळून वेगळीच भाषा तयार झाली. आमचंही तसंच झालंय का? की आमची भाषा नुसतीच बिघडली?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पाहुण्यांचं निरीक्षण बरोबर आहे, हसणं चुकीचं आहे. ज्या बोलीला ते हसतात ती भाषाविज्ञानाच्या वर्गांत जगभर शिकवली जाते. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांनी 1971 साली कुपवाडवर एक निबंध प्रसिद्ध केला. रोमन लिपीत त्यांनी गावाचं नाव 'कुपवार' असं लिहिलं, आणि पाठ्यपुस्तकांतून ते तसंच फिरत राहिलं. त्यामुळे आपलं गाव इतकं नावाजलेलं आहे हे कुपवाडकरांनाच ठाऊक नसतं.

तेव्हाचं कुपवाड तीनेक हजार वस्तीचं खेडं होतं, आजच्यासारखं महापालिकेत गेलेलं नव्हतं. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, दलित आणि भूमिहीन मजुरांच्या घरांत मराठी, थोड्या घरांत तेलुगू. चार भाषा एका गावात असणं आपल्याकडे नवलाचं नाही. नवल पुढे आहे. या अभ्यासकांनी गावातून टिपलेलं एक वाक्य पाहा.

उर्दू : पाला जरा काट के ले के आया.
मराठी : पाला जरा कापून घेऊन आलो.
कन्नड : तापला जरा खोदि तगोंडि बैन.

तीन ओळी एकाखाली एक ठेवल्या तर तुकड्यावर तुकडा बसतो. अर्थात क्रियापद शेवटी येणं हे भारतातल्या बहुतेक भाषांत आहेच, तेवढ्यावर भुलू नये. खरी गंमत बारीक जागांत आहे. हिंदी-उर्दूत नदी 'आई'. कुपवाडच्या उर्दूत नदी 'आया'. कारण कन्नडमध्ये पुरुष आणि स्त्री सोडून बाकी सगळं नपुंसकलिंगी, आणि गावच्या उर्दूनं तीच रीत उचलली: निर्जीव वस्तूंचं स्त्रीलिंग टाकून दिलं. उलट दिशेनंही देवघेव झाली. 'हे घर तुमचं' एवढं म्हटलं की प्रमाण कन्नडमध्ये वाक्य पुरं होतं. मराठीला मात्र शेवटी 'आहे' लागतं, आणि कुपवाडच्या कन्नडलाही 'ऐति' लागतं. तुमचे पाहुणे बहुधा इथंच हसत असावेत. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद प्रमाण उर्दूत नाही, पण इथल्या उर्दूत मराठीच्या संगतीनं 'अपुन' आला.

सांगली-कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात तेव्हा पुण्याकडचे असेच हसतात. तिथंही कन्नडच्या शेजाराचा हात असल्याचं सांगितलं जातं, कारण कन्नडमध्ये 'मी' बोलताना बाई की पुरुष हे क्रियापदातून कळत नाही.

आता क्रीकडे वळू. तुम्ही वाचलं ते मिशिफबद्दल असणार. कॅनडाच्या गवताळ पठारांवर बोलल्या जाणाऱ्या क्रीला 'प्लेन्स क्री' म्हणतात. केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी आलेले फ्रेंच पुरुष आणि तिथल्या आदिवासी बायका यांच्या संसारांतून मेती नावाचा समाज उभा राहिला. त्यांची भाषा मिशिफ. तिच्यात क्रियापदं याच क्रीची, त्यांच्या सगळ्या गुंतागुंतीच्या रूपांसकट; नामं फ्रेंच, तीही आपापलं लिंग घेऊन आलेली. आज ती मोजक्या वयस्कर माणसांपुरती उरली आहे.

कुपवाडात नेमकं उलटं झालं. मिशिफमध्ये दोन भाषांचे शब्द एका वाक्यात राहायला आले. तुमच्या गावात शब्द ज्याच्या त्याच्या घरी राहिले आणि वाक्याची घडण सर्वांची एक झाली. असं का? माझ्या मते उत्तर लग्नांत आहे. मेती समाज मिश्र लग्नांतून जन्मला, नव्या समाजाला नवी भाषा मिळाली. कुपवाडात जैनाची सोयरीक जैनात, मुसलमानाची मुसलमानात. शेत, बाजार, मजुरी, पंचायत सगळ्यांची एक. चूल मात्र वेगळी. दिवसभर शेजाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलायचं आणि संध्याकाळी घरात शिरताना फक्त शब्द बदलायचे, हे पिढ्यान् पिढ्या चाललं. दर वेळी व्याकरणही बदलण्याची यातायात कोण करणार? गंपर्झ आणि विल्सन यांनीही घरगुती जीवनाच्या या वेगळेपणाकडे बोट दाखवलं आहे. चार समाजांत बोलायला मराठी वापरली जाई, याचं त्यांनी दिलेलं कारणही लक्षात ठेवण्याजोगं आहे: ती गावातल्या कुठल्याच वजनदार गटाची घरची भाषा नव्हती, म्हणून कुणाचा मान खाली जात नव्हता. गावचा सलोखा म्हणून कुपवाडचं कौतुक करणाऱ्यांनी त्यामागची ही जातींची कुंपणंही पाहावीत.

या भागात कन्नड बाहेरून आलेली नाही. मिरज-कोल्हापूर परिसरात बाराव्या शतकातले कन्नड शिलालेख आहेत. पटवर्धनांच्या सांगली संस्थानात तेरदाळ आणि बेळगावजवळचं शहापूरही होतं, म्हणजे दोन्ही भाषांची रयत एकाच दरबारात. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं आणि 1949 मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे तालुके जोडून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला. 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. दरम्यान 1956 च्या राज्य पुनर्रचनेनं कन्नड मुलूख दुसऱ्या राज्यात गेला. जतकडच्या गावांत कन्नड शाळा तरी आहेत. कुपवाडच्या कन्नडला शाळा, कचेरी, वर्तमानपत्र यांतलं फारसं काही लाभलं नाही. बंगळूरच्या कन्नडशी तिची नाळ सुटली ती अशी. तिच्यात मराठी मिसळली म्हणून नव्हे.

एक सावधगिरी. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी सुमारे चाळीस वर्षांनी कुपवाडचा पुन्हा अभ्यास केला आणि जुन्या निबंधातलं चित्र फार गुळगुळीत असल्याचं दाखवून दिलं. सगळे कुपवाडकर एकसारखं बोलत नाहीत. समाजासमाजागणिक फरक पडतो. तेव्हा वरची वाक्यं म्हणजे तुमच्या घरचं बोलणं, असं धरून चालू नका.

ते तपासणं तुमच्याच हातात आहे. घरात आजी असेल तर तिला तिच्या माहेरच्या घराबद्दल बोलतं करा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. 'हे घर आमचं' म्हणताना ती शेवटी 'ऐति' लावते का, तुम्ही लावता का आणि तुमची मुलं कन्नडमध्ये उत्तर देतात की मराठीत, एवढं पाहा. कळवलंत तर याच सदरात छापू.