ट्रेलरला वेगळा कॅमेरा कशाला?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत डॅलसजवळ राहतो. त्याने जुनी मोटारहोम घेतली असून तिला मोटरसायकली ठेवायचा बंद ट्रेलर जोडणार आहे. गाडीला एक आणि ट्रेलरला एक असे दोन कॅमेरे हवेत, शिवाय ते बिनतारी घेतले की वायरींची कटकट नाही, असे तो म्हणतो. एकात भागणार नाही का? आणि कॅमेरा कारखान्यातूनच लागून येत नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : शेवटचे आधी. अमेरिकेत 1 मे 2018 पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, पण भारासह 10,000 पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे साडेचार टनांच्या आतल्या गाड्यांनाच. बहुतेक मोठ्या मोटारहोम त्यातून सुटतात. ट्रेलरचा तर प्रश्नच नाही. मागच्या भिंतीला पलंग टेकलेला, काच असून नसल्यासारखी, अशा गाडीलाच सूट मिळावी ही गंमतच म्हणायची.

एकात भागणार नाही. ट्रेलर जोडला की गाडीच्या कॅमेऱ्यात त्याची पुढची भिंत आणि हुक एवढेच दिसते. तेही उपयोगाचे आहे : ट्रेलर जोडताना हुक नेमका जागेवर आणता येतो, वाटेत साखळी लोंबतेय का ते कळते. पण मागून येणारा ट्रक पाहायचा तर डोळा ट्रेलरच्या शेवटीच हवा.

आता बिनतारीचे. चित्र हवेतून येते; वीज मात्र वायरनेच द्यावी लागते, आणि खरी गोम तिथेच आहे. अमेरिकेत अशा ट्रेलरची वीज सहसा सात पिनांच्या प्लगमधून येते. कॅमेरा रिव्हर्स दिव्याच्या पिनेवर घेतला, तर महामार्गावर पडदा काळा. रिव्हर्स टाकला की कॅमेरा जागा होणार, पडद्याशी जुळणार, मग चित्र येणार; तोवर मागचे वाहन हॉर्न वाजवू लागते. टेललाइटच्या पिनेवर घेतला, तर दिवसाही दिवे लावून चालवावे लागते. बरेच जण हाच मार्ग धरतात आणि तो वाईट नाही. ट्रेलरच्या मागे वर मध्यभागी तीन छोटे लाल दिवे असतात, त्यांतल्या मधल्याच्या भोकातून वायर आत घेता येते. छताला नवे भोक पाडायचे टळते. असे भोक नीट बुजवले नाही की पाणी आत मुरते आणि आतले लाकूड कुजते. कॅमेऱ्यापेक्षा ती दुरुस्ती महाग. बॅटरीच्या पिनेवर घेतल्यास चित्र कायम मिळते, पण काही गाड्यांत ही पिन चावी काढल्यावरही चालू राहते. तशी असेल तर मध्ये बटण बसवायला सांगा, नाहीतर सकाळी बॅटरी बसलेली असेल.

बिनतारी संच बहुधा वायफायच्याच 2.4 गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात चालतात. मध्ये ॲल्युमिनियमचा अख्खा डबा आला की चित्र अडखळते. अँटेना ट्रेलरच्या पुढच्या टोकाला आणली की फरक पडतो. विकत घेण्याआधी चित्राला उशीर किती लागतो तेही पाहावे. ताशी 3 किलोमीटर वेगाने मागे जाताना अर्ध्या सेकंदात गाडी सुमारे 40 सेंटिमीटर सरकते. खांबाला घासायला तेवढे पुरे.

बसवून झाल्यावर कोणाला तरी ट्रेलरमागे, गाडीकडे तोंड करून उभे करा आणि डावा हात वर करायला सांगा. पडद्यावर तो डावीकडेच दिसला पाहिजे. उजवीकडे दिसला तर सेटिंगमध्ये चित्र आरशासारखे उलटवून घ्यावे. आधीच ट्रेलर रिव्हर्समध्ये स्टिअरिंगच्या उलट दिशेला वळतो, त्यात आणखी गोंधळ नको.

आमचे मत विचाराल तर मोटारहोमचा कॅमेरा तारेचा घ्यावा, कारण ती वायर एकदाच टाकायची असते. ट्रेलरचा बिनतारी चालेल. आणि तुम्ही तिकडे गेलात तर मुलगा गाडी मागे घेताना खाली उतरा आणि त्याला बाजूच्या आरशात दिसाल अशाच जागी उभे राहा.