सोन्याची नाणी आणि कष्टाची पुंजी



धामापूरच्या तळ्याची दंतकथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरात लग्नकार्य निघाले आणि अंगावर घालायला दागिने नसले, की फुलांचे दागिने गुंफून परडीत ठेवायचे व ती परडी तळ्यात सोडायची. परडी बुडे आणि वर येई ती सोन्याचे दागिने घेऊन. कार्य आटोपले की ते परत करायचे. पुढे कोणीतरी ते परत केले नाहीत आणि परडी वर येणे कायमचे थांबले.

ही कथा आम्ही इतिहास म्हणून सांगत नाही. परंतु गरिबाच्या घरची एक खरी अडचण तिच्यात आहे. लग्नाला सोने हवे, पण ते स्वतःचे नाही. आज परिस्थिती पालटली आहे. शिक्षणामुळे नोकऱ्या मिळाल्या, चाकरमान्यांच्या हाती बोनस येतो, महिलांची भिशी फुटते. मग घराघरांत प्रश्न निघतो : शिल्लक पडलेल्या पैशांतून सोन्या-चांदीची नाणी घेऊन ठेवावीत काय? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार आम्ही करणार आहोत.

सोने आणि सन्मान

आपल्या समाजाने सोन्याकडे केवळ हौस म्हणून पाहिलेले नाही, याला कारण आहे. इंदूर जिल्ह्यातील बलाई समाजावर गावकऱ्यांनी लादलेल्या नियमांत, स्त्रियांनी सोन्या-चांदीचे दागिने घालू नयेत असाही एक नियम होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या आपल्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या भाषणग्रंथात त्याची नोंद केली आहे. ज्यांना सोने अंगावर घालण्याचीच बंदी होती, त्यांच्या लेकीसुनांनी ते घातले तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र सन्मानासाठी घेतलेला दागिना आणि अडीअडचणीसाठी केलेली बचत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची गल्लत झाली की नुकसान होते.

नाण्याने दिलेला धडा

विद्यार्थ्यांनी एक इतिहास अवश्य समजून घ्यावा. ब्रिटिश अमदानीतील चांदीचा रुपया एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचा होता व त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. १८९३ साली सरकारने ही मुभा बंद केली. त्यानंतर रुपयाची किंमत आणि त्यातील चांदीची किंमत यांची फारकत झाली. ज्यांची सारी पुंजी चांदीच्या कड्या-वाळ्यांत होती, त्यांना ती मोडताना बाजारात मिळेल त्या भावावर समाधान मानावे लागले. पुढे १९४० साली रुपयातील चांदी निम्मी झाली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला.

या साऱ्या चलनव्यवहाराची चिकित्सा बाबासाहेबांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली. चलनाचे स्थैर्य म्हणजे त्याच्या खरेदीशक्तीचे स्थैर्य, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. रुपयाला किती धान्य येते, हा मजुरी करणाऱ्याचा खरा प्रश्न असतो. सोन्याच्या नाण्याकडेही आपण याच नजरेने पाहिले पाहिजे. भाव किती चढला यापेक्षा, गरजेच्या दिवशी त्यातून काय हाती पडेल हे महत्त्वाचे.

सोन्यावर सरकारी बंधनेही येऊन गेली. १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आले, १९६८ साली त्याचा कायदा झाला आणि सोन्याच्या लगडी व नाणी बाळगण्यावर निर्बंध राहिले. हा कायदा १९९० साली रद्द झाला. पुढच्याच वर्षी परकीय चलनाच्या टंचाईमुळे देशाला आपले सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण ठेवावे लागले. घर असो वा देश, सोने अडचणीत उपयोगी पडते ते असे.

दागिना की नाणे?

आपल्याकडे पुतळीच्या माळेत नाणेच गळ्यात आले. पण बचत म्हणून पाहायचे तर हिशोब करून पाहावा. समजा, शुद्ध सोन्याचा भाव १० ग्रॅमला १,००,००० रुपये आहे. २४ कॅरटच्या १० ग्रॅम नाण्यावर ३ टक्के घडणावळ आणि त्या रकमेवर ३ टक्के जी.एस.टी. धरला, तर १,०६,०९० रुपये द्यावे लागतील. भाव तोच असताना विकले तर सोन्याचे १,००,००० मिळतील. तूट सुमारे ६,००० रुपयांची.

आता २२ कॅरटचा १० ग्रॅम दागिना घ्या. त्यात सोने ९.१६ ग्रॅम, म्हणजे ९१,६०० रुपयांचे. घडणावळ १२ टक्के धरली व वर कर दिला, तर सुमारे १,०५,६७० रुपये होतात. मोडताना मिळतील फार तर ९१,६००. म्हणजे तूट १४,००० रुपयांच्या घरात. लाख रुपयांमागे एवढा फरक! म्हणून बचतच करायची असेल तर नाणे बरे.

नाणे घेताना लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

(१) शुद्धतेचा आकडा पाहावा. ९९९ म्हणजे २४ कॅरट, ९१६ म्हणजे २२ कॅरट. नाण्याचे पाकीट सीलबंद असावे व त्यावर वजन, शुद्धता आणि तयार करणाऱ्याचे नाव असावे. अशोकचक्र व गांधीजींची प्रतिमा असलेले ‘इंडियन गोल्ड कॉइन’ सरकारने २०१५ साली आणले, ते हॉलमार्क केलेले असते. दागिन्यांवर सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे.

(२) पक्के बिल घ्यावे व जपून ठेवावे. बिलाविना घेतलेले सोने मोडताना आपणच संशयित ठरतो.

(३) परत कोण घेणार हे आधी विचारावे. बँका नाणी विकतात, पण परत विकत घेत नाहीत. नाण्यांवर कर्ज मिळण्यासही मर्यादा असतात. दागिन्यांवर ते सहज मिळते.

(४) “खोदकामात हंडा सापडला, स्वस्तात देतो” असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. असे लोक प्रथम एखादे खरे नाणे तपासायला देतात आणि पैसे घेताना पितळ गळ्यात मारतात. शिवाय जमिनीत सापडलेल्या धनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे.

(५) कर्ज काढून किंवा हप्त्यावर उसनवारी करून सोने घेऊ नये.

चांदी स्वस्त म्हणून अनेकांना ती जवळची वाटते. पण तिच्या भावाची चढउतार फार मोठी असते. जानेवारी १९८० मध्ये जागतिक बाजारात औंसाला सुमारे ५० डॉलरपर्यंत गेलेली चांदी मार्चअखेर ११ डॉलरच्या आसपास आली होती. सोनेही त्याच जानेवारीत ८५० डॉलरवर गेले आणि तो भाव पुन्हा दिसायला २००८ साल उजाडले. रुपयाचे मोल घसरत गेल्याने आपल्याकडे ती झळ कमी जाणवली इतकेच. तेव्हा ‘सोने कधी पडत नाही’ हे म्हणणे खरे नव्हे.

तळ्याचे खरे धन

सोने टिकते, पण वाढत नाही. कपाटात ठेवलेली दहा ग्रॅमची दहा वर्षांनीही दहाच ग्रॅम राहतात. भाव चढला तर लाभ, नाही तर नाही. याउलट धामापूरचे तळे पाहा. १५३० साली बांधलेले हे तळे जवळजवळ पाच शतके धामापूर व काळसे या गावांच्या शेतीला पाणी देत आले. २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला, तो परडीतल्या सोन्यामुळे नव्हे, पाण्यामुळे.

आपल्या घरातील असे तळे म्हणजे मुलांचे शिक्षण. म्हणून आमचे सांगणे एवढेच : आधी आजारपणासाठी बँकेत थोडी रोकड ठेवा, मग मुलामुलींच्या शिक्षणाची तरतूद करा आणि त्यानंतर उरेल त्यातील थोडा भाग, झेपेल तेवढाच, नाण्याच्या रूपाने सोन्यात ठेवा. आणि मुलीच्या पुढच्या शिक्षणाची फी भरण्याची वेळ आली, तर ते नाणे मोडताना हात आखडू नका. त्याच दिवसासाठी ते घेतलेले असते.