कॅमेऱ्याच्या तिवईस वजन देण्याची रीत

पिकांवरील रोग व किडी ओळखण्यासाठी आणि प्रात्यक्षिक प्लॉटची प्रगती दाखविण्यासाठी छायाचित्रांचा उपयोग आता गावोगाव होऊ लागला आहे. परंतु कित्येक वेळा असे आढळून येते की, तज्ज्ञांकडे पाठविलेले चित्र हलल्यामुळे पुसट आलेले असते व त्यावरून निदान करता येत नाही. मक्यावरील लष्करी अळीचे उदाहरण घ्या. ही अळी भारतात प्रथम २०१८ साली कर्नाटकात आढळली. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी फिकट खूण असते व शेपटीकडील भागावर चार काळे ठिपके चौकोनात असतात. कॅमेरा किंचित हलला तरी नेमक्या याच खुणा पुसल्या जातात. निदानास उशीर होऊन अळी मोठी झाली व पोंग्यात दडली म्हणजे फवारा तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून कॅमेरा अथवा मोबाइल तिवईवर, म्हणजेच ट्रायपॉडवर बसवावा व ती तिवई स्थिर करावी.

तिवई का कलंडते ?

बाजारातील तिवया वाहून नेण्यास सोप्या जाव्यात म्हणून हलक्या केलेल्या असतात. हा हलकेपणा उघड्या रानात वाऱ्यापुढे टिकत नाही. तिवई व कॅमेरा मिळून वजन ३ किलो असून तिन्ही पाय मध्यापासून ५० सेंटिमीटरवर, सारख्या अंतराने टेकले आहेत असे समजू. कोणत्याही दोन पायांना जोडणारी रेषा मध्यापासून २५ सेंटिमीटरवर येते व तिवई उलटते ती याच रेषेवरून. वारा १२५ सेंटिमीटर उंचीवर रेटत असेल, तर ३ गुणिले २५ भागिले १२५, म्हणजे अवघ्या ०.६ किलो रेट्याने ती आडवी होईल. मध्यभागी आणखी ३ किलो वजन टांगल्यास त्यासाठी १.२ किलो रेटा लागेल. ढेकळे फोडताना मैंदावर माणूस उभा राहतो व मैंद जमिनीला घट्ट धरून चालतो. तसेच वजनामुळे तिवईचे पायही जमिनीत घट्ट बसतात.

मात्र वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. यासाठी केवळ वजनावर भिस्त न ठेवता पाय अधिक फाकावेत व उंचीही कमी करावी.

वजन कसे द्यावे ?

(१) पुष्कळ तिवयांच्या मधल्या दांड्याखाली आकडा असतो. त्यास वाळूची अथवा दगडांची पिशवी अडकवावी. आकडा नसल्यास तिन्ही पाय जेथे मिळतात तेथे दोरीचा फास घालावा. पाण्याचा डबाही चालतो. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो असते, त्यामुळे अंदाज चुकत नाही.

(२) पिशवी अधांतरी लोंबू देऊ नये. ती वाऱ्याने झुलू लागली की तिवईलाही हादरे देते. पिशवीचा तळ जमिनीस जेमतेम टेकेल इतकी दोरी ठेवावी. सर्व भार जमिनीवर गेला तर वजनाचा उपयोग होत नाही.

(३) जवळ वजन नसल्यास मध्याच्या बरोबर खाली खुंटी ठोकून आकड्यापासून तिला दोरी ताणून बांधावी.

(४) तिवई किती भार पेलते ते तिच्या माहितीपत्रकावर दिलेले असते. कॅमेरा व टांगलेले वजन मिळून ती मर्यादा ओलांडू नये. पाय नाजूक असतील तर मध्यभागी भार न देता प्रत्येक पायाच्या बुडाशी लहान पिशवी बांधावी.

(५) ओल्या काळ्या जमिनीत वजनाने पाय रुततात व चित्र तिरके येते. अशा वेळी प्रत्येक पायाखाली फळीचा तुकडा किंवा चपटा दगड ठेवावा. उतारावर दोन पाय खालच्या बाजूस व एक वरच्या बाजूस ठेवावा.

इतर काळजी

मधला दांडा शक्यतो वर काढू नये. उंची पायांनीच वाढवावी व त्यातही जाड नळ्या आधी ओढाव्यात. कॅमेऱ्याचा पट्टा वाऱ्याने फडफडत असल्यास काढून ठेवावा. बोटाने कळ दाबतानाही कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांनी आपोआप चित्र घेण्याची सोय असल्यास तिचा उपयोग करावा.

तिवई कितीही स्थिर असली तरी वाऱ्याने डोलणारे पान ती थांबवू शकत नाही. त्यासाठी वारा पडलेला असेल अशी सकाळची वेळ निवडावी, किंवा फांदीस काठीचा आधार द्यावा.

प्लॉटची चित्रे दर पंधरवड्यास घ्यावयाची असल्यास तिन्ही पायांच्या जागी खुंट्या रोवाव्यात व उंची आणि दिशा वहीत टिपून ठेवावी. जागा बदलली तर दोन चित्रांतील फरक पिकाचा की कॅमेऱ्याचा, हे सांगता येणार नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तिवईबरोबर रिकामी पिशवी, चार हात दोरी, एक खुंटी व फळीचे तीन तुकडे नेहमी बाळगावेत. दगड, माती व पाणी शेतावर मिळतेच.