मिळेल तो डबा नको

शारजात आमच्या ओळखीत नेमबाजीचा नाद लागलेली मराठी मुलं बरीच आहेत. सुट्टी आली की रेंज गाठायची, नऊ मिलिमीटरचं पिस्तूल भाड्याने घ्यायचं, एक खोका गोळ्या झाडायच्या आणि बिल पाहून हळहळायचं. मी काही वर्षं टेक्सासात नोकरीला होतो, तिथे घरी काडतुसं भरत असे, हे त्यांना ठाऊक आहे. त्यामुळे प्रश्न ठरलेला: "काका, काडतुसं महाग झालीत. घरी भरायची तर पावडर कुठली घ्यावी?"

उत्तराचा पहिला भाग इथल्यापुरता. अमिरातीत घरी काडतूस भरण्याचा विचार मनातही आणू नका. शस्त्रं, दारूगोळा आणि स्फोटकांसाठी इथे 2019 चा 17 क्रमांकाचा संघीय कायदा आहे. परवान्याशिवाय या वस्तू बाळगणं, बनवणं, बाहेरून आणणं हा गुन्हा आहे. पावडरचा डबा पार्सलने मागवणं त्यातच आलं. भारतातही शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसं बनवायला परवाना लागतो, तेव्हा गावी जाऊन करू म्हणणाऱ्यांनीही तो बेत सोडावा.

दुसरा भाग अमेरिकेसारख्या देशातल्या आपल्या माणसांसाठी, जिथे हा छंद कायद्यात बसतो. तुटवड्याच्या काळात शहाणी माणसं कशी घसरतात ते मी तिथे डोळ्यांनी पाहिलं आहे.

डिसेंबर 2012 मध्ये सँडी हुकच्या शाळेत गोळीबार झाला. आता बंदुकांवर बंधनं येणार अशी हवा उठली आणि 2013 उजाडेपर्यंत दुकानांतल्या फळ्या मोकळ्या झाल्या. काडतुसं नाहीत, पावडर नाही, ठिणगी पाडणाऱ्या टोप्याही (प्रायमर) नाहीत. 2020 च्या महासाथीत पुन्हा तेच झालं. युक्रेनच्या युद्धानंतर तर कच्च्या मालाचीच ओढाताण सुरू झाली. बिनधुराच्या पावडरचा जीव नायट्रोसेल्युलोजमध्ये असतो आणि ते कापसाच्या तंतूपासून बनतं. सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतू विदर्भातल्या माणसाला सांगायला नकोत. तोफेच्या दारूलाही तेच लागतं आणि पिस्तुलाच्या पावडरलाही. युद्ध पेटलं की आधी तोफेचं भागवलं जातं.

त्या 2013 सालच्या टंचाईत रेंजवर माझ्या शेजारच्या लेनमध्ये एक वयस्क गृहस्थ होते. नेहमीची पावडर मिळेना म्हणून त्यांनी दुसरीच आणली होती. पावडरी किती वेगाने जळतात त्याची एक क्रमवारी छापलेली असते. तीत ही पावडर जुनीच्या शेजारी होती. शेजारी आहे, तर वजनही तेच चालेल, असा त्यांचा हिशेब. दोन-तीन बार नीट गेले. पुढचा आवाज मात्र फुटका आला. पिस्तुलाची मॅगझिन निखळून खाली पडली, मुठीला चीर गेली होती आणि पितळी पुंगळीचं बूड एका बाजूने फाटलं होतं. तळहातातून रक्त येत होतं. चष्मा होता म्हणून डोळे वाचले.

ती क्रमवारी म्हणजे माप नव्हे. कोण आधी आणि कोण नंतर, एवढंच ती सांगते. दोघांत अंतर किती, हे सांगत नाही. शिवाय दोन कंपन्यांच्या याद्यांत क्रम वेगळा निघतो. गोळीचं वजन वाढलं, गोळी पुंगळीत जरा खोल बसली, की दाब झपाट्याने चढतो. नऊ मिलिमीटरच्या काडतुसात परवानगी असलेला कमाल दाब 35,000 पीएसआय आहे; मोटारीच्या टायरमध्ये साधारण 32 असतो.

म्हणून निवड उलट्या टोकाने करावी. आधी पावडर बनवणाऱ्याचं चालू वर्षाचं पुस्तक उघडा. आपल्याकडची गोळी आणि आपलं कॅलिबर यांना त्यात कुठकुठल्या पावडरी दिल्या आहेत ते लिहून काढा आणि ती यादी घेऊन दुकानात जा. यादीतली एकही नसेल तर रिकाम्या हाताने परत या. घाईत घेतलेला डबा घरात पडून राहतो, आणि पडून राहिलेला डबा कधीतरी वापरावासा वाटतो. मिळालीच, तर सुरुवात पुस्तकातल्या सर्वांत कमी मापापासून करा. मित्राने सांगितलेलं माप घेऊ नका. सील फुटलेला डबा फुकट मिळाला तरी नको, कारण आत काय आहे याला पुरावा नसतो. दोन पावडरी एकत्र तर कधीच करू नयेत.

वजन ग्रेनमध्ये असतं. आपला जुना तोळा 180 ग्रेनचा, म्हणजे एक ग्रेन अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त. एवढ्याशा मापात दहाव्या भागाची चूकही धोक्याची असते. सोनाराचा काटा ग्रॅम दाखवतो आणि एका ग्रॅमला 15.43 ग्रेन होतात. काटा कुठल्या एककावर आहे हे दर वेळी पाहावं.

दोन पावडरींपैकी एक निवडता येत असेल, तर फुगीर पावडर घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. काही जलद पावडरी इतक्या थोड्या लागतात की पुंगळीत चुकून दोनदा पडल्या तरी डोळ्यांना कळत नाही. पॉइंट 38 स्पेशलची पुंगळी तर काळ्या दारूच्या जमान्यातली, म्हणून लांब. तिच्या तळाशी आजची पावडर दिसेनाशी होते. फुगीर पावडर दुसऱ्यांदा पडली की बहुधा काठावरून सांडते आणि आपल्याला थांबवते. उलट पावडर पडलीच नाही, तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अडकते. आवाज दबका आला की तिथेच थांबावं, पिस्तूल रिकामं करून नळी तपासावी. पुढची गोळी झाडली तर नळी फुटू शकते.

उन्हाची गोष्ट वेगळीच. या पावडरी टिकाव्यात म्हणून त्यांत स्थिर ठेवणारं द्रव्य घातलेलं असतं आणि ते उष्णतेत लवकर संपतं. डब्यातून आंबूस, झोंबणारा वास आला, गंजासारखी लाल धूळ दिसली, तर ती पावडर वापरायची नसते. टेक्सासचा उन्हाळाही कडक; पावडर गाडीत किंवा गॅरेजमध्ये ठेवू नये.

दारूगोळ्याचा धोका किती, याचं एक उदाहरण: 24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि किमान 8 जण गेले. तिथे तर रोज तेच काम करणारी, शिकलेली माणसं असतात. घरातल्या टेबलावर बसणाऱ्याने हे विसरू नये.

आता शारजातल्या आपल्या मुलांसाठी. नेमबाज राही सरनोबतची 25 मीटर पिस्तूल स्पर्धा आणि स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलेली 50 मीटर रायफल स्पर्धा, दोन्ही पॉइंट 22 च्या काडतुसावर चालतात. त्याचं ठिणगी पाडणारं द्रव्य पुंगळीच्या कडेतच असल्याने ते घरी पुन्हा भरण्याजोगं नसतंच. तुटवडा अशा नेमबाजांनाही भोगावा लागतो, तेव्हा ते कोरा सराव वाढवतात: रिकामं हत्यार, भिंतीवरचं लक्ष्य, श्वास आणि चापावरचं बोट. तुम्हीही रेंजवरच्या प्रशिक्षकाला सांगून तो शिका. 10 मीटरच्या एअर पिस्तुलावर तास घ्या. खर्च कमी येतो आणि हात स्थिर होतो. एअर पिस्तूल विकत घेऊन घरी न्यायचं मनात आलं, तर आधी पोलिसांना विचारा.

आणि रेंजवरची रिकामी पुंगळी आठवण म्हणून खिशात टाकू नका. ती बॅगेच्या कप्प्यात विसरून राहते आणि पुण्याच्या किंवा मुंबईच्या विमानासाठी निघालात की स्कॅनरवर दिसते. मग विमान सुटतं, चौकशी मागे लागते. रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला वापरूच नका. वापरावीच लागली, तर आदल्या रात्री ती उलटी करून झटका, प्रत्येक चेन उघडा, अस्तराखाली हात घाला.