मन आजारी पडले तर

(शरीराचा आजार आपण मोकळेपणाने सांगतो, मनाचा आजार मात्र लपवतो. हे लपवणे किती महाग पडते, ते या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, खेळताना पडून तुमचा हात मोडला तर काय होईल? हाताला प्लॅस्टर घालून तुम्ही शाळेत याल. मित्र भोवती गोळा होतील. कोणी प्लॅस्टरवर नाव लिहील, कोणी तुमचे दप्तर उचलेल. हात मोडला म्हणून तुम्हांला लाज वाटणार नाही.

आता दुसरे उदाहरण घ्या. समजा, तुमच्या शेजारचा एक मुलगा कित्येक आठवडे उदास आहे. त्याला रात्री झोप येत नाही. अन्न गोड लागत नाही. क्रिकेटही त्याने सोडले आहे. मित्र त्याला 'वेडा' म्हणून चिडवतात. "याला ठाण्याला पाठवा," असे म्हणून हसतात. अब्बांना वाटते, मुलगा आळशी झाला. अम्मीचा जीव तुटतो, पण ती म्हणते, "लोक काय म्हणतील? थोरलीचे लग्न ठरायचे आहे." असे सहा महिने जातात. आजार वाढतो, पण डॉक्टरांकडे कोणी जात नाही.

सांगा बरे, या मुलाला कोणी अडवले? रुग्णालयाचे दार तर उघडेच होते!

शरीराप्रमाणे मनही आजारी पडते. मेंदूतील बदल, आनुवंशिकता, फार दिवसांचा ताण, मोठे दुःख अशी त्याची अनेक कारणे असतात. हा आजार म्हणजे दुबळेपणा नव्हे. पापाची शिक्षाही नव्हे. औषधे आणि समुपदेशन यांनी पुष्कळ रुग्ण बरे होतात. तरीही आपल्या देशात २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात काय आढळले? निरनिराळ्या मानसिक आजारांत दर शंभर रुग्णांमागे ७० ते ९२ जणांना उपचार मिळत नव्हते. डॉक्टरांची कमतरता हे याचे एक कारण. अज्ञान आणि लाज ही दुसरी कारणे.

लाजेपायी माणसे रुग्णाला दूर नेऊन ठेवतात. तमिळनाडूतील एरवाडी या गावी अशा रुग्णांसाठी खाजगी निवासस्थाने होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यांपैकी एकाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण मृत्युमुखी पडले. सारा देश हळहळला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी घातली आहे.

घरातील वडीलधारी माणसे रुग्णासाठी दुवा मागतात. दुवा जरूर मागावी. पण दवाही घ्यावी. दोन्हींत भांडण नाही.

आता त्या मुलाकडे परत जाऊ. समजा, एके दिवशी त्याची खाला घरी आली. तिने त्याच्याजवळ बसून सारे ऐकून घेतले आणि त्याला सरकारी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. उपचार सुरू झाले. काही महिन्यांनी तो पुन्हा मैदानावर दिसू लागला. खालाने केले ते फार अवघड नव्हते. तिने फक्त लाज बाजूला ठेवली.

तुम्हीही एवढे करू शकता. कोणाला 'वेडा' म्हणू नका. उदास मित्राचे शांतपणे ऐका. "जगणे नकोसे झाले," असे तो म्हणाला, तर ती गोष्ट गुप्त ठेवू नका. लगेच मोठ्या माणसांना किंवा शिक्षकांना सांगा. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.

मनाला घातलेले प्लॅस्टर डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच त्या मित्राचे दप्तर उचलायला आपण आपणहून पुढे व्हायला हवे.

शब्दार्थ
जीव तुटणे – फार काळजी वाटणे
थोरली – मोठी मुलगी
आनुवंशिकता – आईवडिलांकडून मुलांकडे गुण किंवा आजार येणे
समुपदेशन – बोलून, समजावून दिलेली मदत
हळहळणे – फार वाईट वाटणे

स्वाध्याय
१. मुलाला डॉक्टरांकडे का नेले नाही?
२. एरवाडीच्या रुग्णांना का पळता आले नाही?
३. 'दुवा जरूर मागावी. पण दवाही घ्यावी' याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमचा मित्र उदास असेल तर तुम्ही काय कराल? पाच वाक्ये लिहा.