मोटर कुठली, हे कोण ठरवतं?

1952 साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये आकड्यांच्या हुकमावर चालणारं मिलिंग मशीन पहिल्यांदा लोकांना दाखवलं गेलं. ते त्यासाठी मुद्दाम घडवलेलं नव्हतं. सिनसिनाटी कंपनीचं हायड्रोटेल हे तयार मिलिंग मशीन घेऊन त्याला सर्वो यंत्रणा आणि व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेलं कपाट जोडलं होतं; हुकूम यायचे ते कागदी पट्टीवरच्या छिद्रांतून. आज कारखान्यांत रांगेनं उभ्या असलेल्या सीएनसी मशिनांचं मूळ असं एका कन्व्हर्जनमध्ये आहे.

भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोलीसारख्या औद्योगिक वसाहतींत हे काम लहान प्रमाणावर आजही चालतं. एचएमटीचं किंवा बीएफडब्ल्यूचं जुनं मिलिंग असतं, कास्टिंग दणकट, स्लाइड अजून धरून. मात्र हँडल फिरवून त्यावर नेमकं काम काढणारा कारागीर निवृत्त झालेला असतो. नवं व्हीएमसी, म्हणजे तयार सीएनसी मिलिंग मशीन, घ्यायचं तर लाखोंचं कर्ज आणि हप्ते. मग मालकाच्या मनात येतं, याच मशीनला मोटरी बसवल्या तर? इथे त्याला माणूस लागतो. बॉलस्क्रू बसवणारा फिटर मिळतो, पॅनेलचं वायरिंग करणारा वायरमन मिळतो, प्रोग्रॅम लिहिणारी मुलं तर पुष्कळ. मोटर कुठली, तिला वीज पुरवणारा ड्राइव्ह कुठला, हुकूम देणारा कंट्रोलर कुठला, हे हिशेब मांडून सांगणारा आणि त्या हिशेबाला पुढे जबाबदार राहणारा माणूस मात्र शोधावा लागतो. यंत्रांकडे ओढा असलेल्या मुलामुलींसाठी ही जागा आहे. दहावी-बारावीनंतरच्या समुपदेशनात तिचं नाव क्वचितच निघतं.

या जागेवरचा माणूस नेमकं काय करतो, हे कळल्याशिवाय पालकांना निर्णय घेता येणार नाही. म्हणून थोडं मशीनजवळ जायला हवं.

पहिली फसगत मोटरच्या नावातच होते. बाजारात 'नेमा 23' आणि 'नेमा 34' हे शब्द सतत कानावर पडतात आणि नवख्याला वाटतं की आकडा मोठा म्हणजे ताकद मोठी. प्रत्यक्षात ते मोटरच्या चौकोनी तोंडाचं माप आहे: 2.3 इंच आणि 3.4 इंच. एकाच मापात लांबी, वाइंडिंग आणि टॉर्क वेगवेगळे असलेल्या कितीतरी मोटरी मिळतात. दुसरी फसगत टॉर्कच्या आकड्यात. स्टेपर मोटरवर 8.5 न्यूटन-मीटर असं छापलेलं असतं, पण तो होल्डिंग टॉर्क, म्हणजे मोटर उभी असतानाचा. वेग वाढेल तसा टॉर्क घसरत जातो. तो किती घसरेल हे मोटरच्या इंडक्टन्सवर आणि ड्राइव्हला मिळणाऱ्या व्होल्टेजवर ठरतं. जाणकार एक ढोबळ नियम वापरतात: मिलिहेन्रीतल्या इंडक्टन्सचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला 32 नं गुणायचं, की व्होल्टेजची वरची मर्यादा मिळते. इंडक्टन्स 4 मिलिहेन्री असेल तर 64 व्होल्ट. त्याच मोटरला कोणी 24 व्होल्टचा सप्लाय जोडला तर हळू चालताना सगळं छान दिसेल आणि वेग वाढवला की मोटर जागच्या जागी घुरघुरत राहील. दोष मोटरला दिला जाईल.

स्टेपरचा स्वभाव डोळे मिटून पावलं मोजत चालणाऱ्या माणसासारखा असतो. एका फेरीत 200 पावलं, प्रत्येक पाऊल 1.8 अंशांचं. कंट्रोलरनं हजार पावलं सांगितली की हजार झाली असं तो गृहीत धरतो. कटर अडकला आणि वीस पावलं चुकली, तरी कोणालाच पत्ता लागत नाही. पुढची सगळी भोकं सरकलेली निघतात आणि जॉब भंगारात जातो. सर्वो मोटरच्या मागे एन्कोडर असतो, तो आपली खरी जागा ड्राइव्हला सतत कळवत राहतो. फरक मर्यादेबाहेर गेला की ड्राइव्ह अलार्म देऊन थांबतो. हल्ली एन्कोडर लावलेले क्लोज्ड लूप स्टेपरही सर्रास मिळतात आणि लहान मशीनला ते पुरतातही. मोठ्या मिलिंगसाठी मात्र एसी सर्वोला तोड नाही.

आता खरा हिशेब. टेबलाच्या एक्स अक्षाला 5 मिलिमीटर पिचचा, म्हणजे एका फेरीत टेबल 5 मिलिमीटर सरकवणारा, बॉलस्क्रू बसवायचा आहे असं धरू. 750 वॉटच्या एसी सर्वोचा टॉर्क साधारण 2.4 न्यूटन-मीटर असतो आणि तो 3000 आरपीएमपर्यंत टिकतो. टॉर्कला दोन पायनं आणि बॉलस्क्रूच्या 90 टक्के कार्यक्षमतेनं गुणून पिचनं भागलं की टेबलावरचा रेटा मिळतो: सुमारे 2700 न्यूटन, म्हणजे अंदाजे 275 किलोचा जोर. वेग निघतो मिनिटाला 15 मीटर. जुन्या बॉक्स स्लाइडच्या मशीनला इतक्या वेगाची गरजच नसते. मग एकास दोन प्रमाणाची टायमिंग बेल्ट पुली लावायची, की वेग साडेसात मीटरवर येतो आणि रेटा दुप्पट होतो. त्याच पैशात जास्त कामाची मोटर. अकरावीतल्या मुलालाही जमेल इतकंच हे गणित आहे. तरीही अनेक जण 'शेजारच्यानं दीड किलोवॉटची बसवलीय, आपणही तीच बसवू' असं म्हणून मोकळे होतात आणि गरज नसलेल्या ताकदीचे पैसे मोजतात.

मशीनच्या मूळ स्क्रूला ट्रॅपिझॉइडल आटे असतात. त्यात बरीच ताकद घर्षणात जाते आणि वर्षानुवर्षांच्या झिजेमुळे बॅकलॅश, म्हणजे ढिलाई, येतो. तो सॉफ्टवेअरमधून भरून काढता येतो असं सांगणारे भेटतात. मशीन नुसतं हलत असेल तर येतोही. पण कटर टेबलाला फीडच्या दिशेनंच ओढत असेल, तर त्या ढिलाईत टेबल स्वतःहून पुढे सरकतं, आणि तिथे सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. म्हणून बॉलस्क्रू. त्याची मात्र एक उलट बाजू आहे जी पुस्तकात एका ओळीत येते आणि वर्कशॉपमध्ये बोटांवर बेतते: घर्षण कमी असल्यामुळे तो स्वतःहून अडत नाही. वीज गेली की उभ्या अक्षावरचं वजन खाली येऊ लागतं. त्या अक्षाला ब्रेकवाली मोटरच लागते. नवख्यानं केलेल्या कोटेशनमध्ये तिन्ही मोटरी एकसारख्या लिहिलेल्या दिसल्या तर अनुभवी मालक तो कागद बाजूला ठेवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सकडे आलं की पर्यायांची गर्दी होते. अर्डुइनो उनोसारख्या छोट्या बोर्डावर चालणारं जीआरबीएल हे 2009 पासूनचं मोफत सॉफ्टवेअर शिकण्यासाठी उत्तम. लिनक्ससीएनसीचं मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेतल्या प्रकल्पात आहे, तेही मोफत, पण त्याच्याशी झटापट करायची तयारी हवी. माक-थ्री हे सॉफ्टवेअर लहान वर्कशॉपमध्ये अनेक वर्षं टिकून आहे. वरच्या टोकाला सिमेन्स आणि फानुकचे कंट्रोलर. निवड करताना वैशिष्ट्यांच्या यादीपेक्षा एक प्रश्न जास्त उपयोगाचा ठरतो: रात्रपाळीत मशीन बंद पडलं तर या गावात ते कोण उघडेल?

इथेही आकडे सोडत नाहीत. सर्वोला एका फेरीसाठी 10,000 पल्स, म्हणजे हालचालीचे विद्युत इशारे, ठरवले तर 5 मिलिमीटर पिचवर एका पल्सला अर्धा मायक्रॉन हालचाल मिळते. कागदावर फार सुंदर. पण 3000 आरपीएमला सेकंदाला पाच लाख पल्स लागतात. जुन्या संगणकाच्या पॅरलल पोर्टमधून माक-थ्री नेहमीच्या सेटिंगला सेकंदाला 25,000 पल्स सोडतं. म्हणजे टेबल मिनिटाला जेमतेम पाऊण मीटर सरकणार. उत्तर दोन प्रकारे निघतं: पल्स कमी करा, किंवा पल्स तयार करणारं वेगळं मोशन कार्ड लावा. मोटरही चांगली, ड्राइव्हही चांगला आणि तरी मशीन गोगलगाय झालेलं, अशा तक्रारीमागे पुष्कळदा हा एवढा गुणाकार राहून गेलेला असतो.

दुसरी नेहमीची तक्रार: कटर फिरवणारा स्पिंडल सुरू केला की एखादा अक्ष आपोआप थरथरतो. स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीतून निघणारा विद्युत गोंधळ शेजारून गेलेल्या सिग्नलच्या वायरीत शिरतो. पॉवरच्या आणि सिग्नलच्या केबल वेगळ्या वाटेनं नेणं, शील्ड असलेली केबल वापरणं, सगळं अर्थिंग एका ठिकाणी आणणं, हे कंटाळवाणं काम आहे. पण चांगलं पॅनेल त्यावरूनच ओळखता येतं. लिमिट स्विच नेहमी बंद संपर्काचे घ्यायचे, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल. आणि इमर्जन्सीचं लाल बटण सॉफ्टवेअरच्या भरवशावर कधीच सोडायचं नाही. ते दाबल्यावर कॉन्टॅक्टर पडून ड्राइव्हची वीज तुटली पाहिजे आणि उभ्या अक्षाचा ब्रेक बसला पाहिजे. संगणक अडकलेला असेल तेव्हाच तर ते बटण लागतं.

आता पालकांचा प्रश्न: यासाठी शिकायचं कुठे? बसस्टँडजवळ 'सीएनसी-व्हीएमसी प्रोग्रॅमिंग, तीन महिने, नोकरीची हमी' असे फलक दिसतात. त्या वर्गांना नावं ठेवायचं कारण नाही. ऑपरेटर म्हणून पहिली नोकरी त्यातून मिळू शकते. पण तिथे तयार मशीन वापरायला शिकवतात. मशीनच्या आत काय आहे हा वेगळा अभ्यास आहे. आयटीआयमध्ये मशिनिस्ट, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, मेकॅनिक मशीन टूल मेंटेनन्स हे दोन वर्षांचे ट्रेड त्याच्या जवळचे. तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, त्यामुळे 'आयटीआय केलं म्हणजे दार बंद झालं' ही भीती खरी नाही. पॉलिटेक्निकमध्ये मेकॅट्रॉनिक्स ही शाखा नेमकी या सांध्यावरची. ती मिळाली नाही तर मेकॅनिकल घेतलेल्यानं वीज शिकावी, इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्यानं स्लाइड आणि बेअरिंग हाताळावं. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधला टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा हातात मायक्रॉनची शिस्त आणतो, आणि ती शिस्त मोटर बसवतानाही लागते.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं उदाहरण वेगळं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला, शाळेच्या चौकटीत न रमलेल्या ग्रामीण मुलांना हातानं काम करत शिकवण्यासाठी. एमआयटीच्या मदतीनं अमेरिकेबाहेर सुरू झालेल्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या कार्यशाळांपैकी, एक 2002 साली याच गावात उभी राहिली. गुणपत्रिकेवरून मुलाचा कल ठरवणाऱ्या पालकांनी एकदा तिथे चक्कर मारायला हरकत नाही.

पगाराचं काय? सुरुवात फार चमकदार नसते, हे आधीच सांगितलेलं बरं. पहिली दोन-तीन वर्षं सर्वो आणि ड्राइव्ह विकणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस विभागात, पॅनेल बिल्डरकडे किंवा कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये जातात. रात्री फोन येतात, प्रवास होतो, कपडे तेलकट होतात. स्वतःचा कन्व्हर्जनचा व्यवसाय काढला तर लहान मालकांची बिलं अडकतात, हाही भाग आहे. शिवाय प्रत्येक जुनं मशीन कन्व्हर्जनच्या लायकीचं नसतं. स्लाइड झिजलेल्या, स्पिंडल हलणाऱ्या मशीनला महागडा सर्वो लावणं म्हणजे मालकाचे पैसे बुडवणं, आणि तसं तोंडावर सांगून काम नाकारण्याची वेळ येते. याउलट जमेची बाजू अशी की हे कौशल्य मिलिंगपुरतं राहत नाही. पॅकेजिंग, छपाई, कापडाचे माग, लाकूडकाम, जिथे मोटरनं नेमक्या जागी थांबायचं असतं तिथे हाच हिशेब चालतो.

मुलीला किंवा मुलाला खरंच आवड आहे का, हे प्रवेशाआधी तपासता येतं आणि त्याला फारसा खर्चही नाही. एक नेमा 17 मापाचा स्टेपर, त्याचा छोटा ड्राइव्ह, अर्डुइनो, जुन्या प्रिंटरमधला एखादा सरकता भाग. सुट्टीत हे टेबलावर मांडून एक अक्ष 100 मिलिमीटर पुढे नेऊन परत शून्यावर आणायचा, पन्नास वेळा, आणि शेवटी कॅलिपरनं फरक मोजायचा. फरक आला की काही मुलं खोका बंद करून ठेवतात. काही जण मात्र व्होल्टेज बदलतात, वेग कमी करतात, कपलिंगचा स्क्रू आवळतात, वहीत आकडे लिहितात आणि जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत.

संस्था बघायला गेल्यावर इमारत आणि प्लेसमेंटचे फलक दाखवले जातील. पालकांनी वर्कशॉपमध्ये जाऊन एका सीएनसी मशीनच्या मागचं पॅनेल उघडून दाखवायला सांगावं. आतली धूळ, वायरींवरचे नंबर आणि ड्रॉइंगची प्रत जागेवर आहे का, हे पाहावं. मग शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना विचारावं की झेड, म्हणजे उभ्या, अक्षाचा ब्रेक कधी सुटतो, आणि मागच्या वर्षी विद्यार्थ्यांनी स्वतः किती मोटरी काढून बसवल्या. पॅनेलची किल्लीच सापडत नसेल, तर दुसरी संस्था पाहायला अजून वेळ असतो. प्रवेशाच्या फेऱ्या एका दिवसात संपत नाहीत.